येऊ दे अजून

खडकातल्या ओंजळीएवढ्या खळग्यात एक खडा फिरत होता. वाटाण्याएवढा, विटकरी. वरच्या कपारीतून पाण्याची बारीक धार खळग्यात पडत होती आणि तिच्या जोरानं तो कडेकडेनं फिरत राहायचा, मध्येच अडायचा, पुन्हा फिरायला लागायचा… हर्षल गुडघ्यांवर हात टेकून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होता. ही धार आत्ताच सुरू झाली होती. मघाशी घळीत उतरताना हाच खडक कोरडा ठणठणीत होता, हात लावला तर तळव्याला लाल भुकटी लागत होती — आणि आता धूळ बसलेली फरशी ओल्या फडक्यानं पुसावी तसे त्याच्यावर पट्टेच्या पट्टे उमटत होते, पिवळे, जांभळे, गेरूच्या रंगाचे. पाऊस, असं त्याच्या मनात आलं ते सगळ्यात शेवटी. त्याआधीच त्याची मान सवयीनं आभाळाकडे वळली होती.

नोव्हेंबरातला पाऊस. निफाडकडच्या कुठल्याही बागायतदाराची झोप उडायला एवढे दोन शब्द पुरतात. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी झाली आणि काडीवर नव्या फुटीचे पोंगे दिसायला लागले, की त्यांच्या घरात पावसाचं नाव काढायचं नाही असा न ठरवता ठरलेला नेम होता. अगदीच बोलायची वेळ आली तर 'वातावरण' म्हणायचं. "वातावरण खराब हाय," एवढंच, तेही आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळू. आई — लंकाबाई — तर ढग दिसले की ते हटावेत म्हणून चुलीवरचा तवा उचलून अंगणात उपडा टाकायची आणि कुणाशी न बोलता आत जायची. लहानपणी त्याला हसू यायचं. पुढे त्यानं शेतीची पदवी घेतली, हवामानाचे नकाशे वाचायला शिकला, आणि तरी तो तवा उपडा पडलेला दिसला की त्याला बरं वाटायचं… हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

पण हे कच्छ आहे, त्यानं स्वतःला बजावलं. भुजपासून तासाभरावरची ही घळ, हे वाऱ्यापाण्यानं कोरलेले खडक, इथे कुणाची बाग नाही. इथे पाऊस म्हणजे नुसता पाऊस.

"अहो, इकडे या ना, केवढं सुंदर दिसतंय!" सायली खालच्या डोहापाशी उभी होती. तिची ओढणी भिजून खांद्याला चिकटली होती आणि तिला ती सोडवायचं भानही नव्हतं. पलीकडे सृष्टी त्याचाच फोन घेऊन — तिच्या फोनला पाणी चालत नाही म्हणून — खडकांचे, पाण्याचे, स्वतःचे फोटो काढत सुटली होती. आठवीतली मुलगी. गेली चार वर्षं दर दिवाळीत एकच प्रश्न विचारत होती, पप्पा, आपण कधी जायचं कुठेतरी? आणि दर दिवाळीत एकच उत्तर मिळत होतं, बाग फुलोऱ्यात आहे.

ह्या वर्षीही ती फुलोऱ्यातच होती. द्राक्षाच्या पट्ट्यात फुलोऱ्याच्या दिवसांत माणूस घर सोडत नाही. सख्ख्या मावशीच्या घरचं लग्न असलं तरी एकच जण जातो, अक्षता टाकतो आणि जेवण न करता परततो, नि कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही. हर्षलनं थोरल्या भावापुढे, दादापुढे, सहलीचा विषय काढला तेव्हा नजर वर केली नव्हती. यादवदादा फवाऱ्याचं नोझल दातांनी साफ करत होता. तो थुंकला आणि म्हणाला, "जा की. तू थांबून काय फुलं डिंकानं चिकटवणार हायेस का?" दोघंही हसले. ते हसणं खरं होतं का? तेव्हा तरी खरं वाटलं होतं… आणि नंतर, गाडीत बसल्यावर, त्यानं हवामानाचं पान उघडून पाहिलं होतं. ढगाळ, तुरळक सरी. तुरळक. ह्या शब्दावर विसंबून त्यानं फोन खिशात ठेवला होता.

चार वर्षांपूर्वी सृष्टीच्या शाळेसाठी तो नाशकात, गंगापूर रोडला राहायला गेला. रोज सकाळी गाडी काढून गावाकडे जायचा, संध्याकाळी परत. दादा बागेतच, तिथंच घर. पहिल्या वर्षी कुणीतरी पारावर चेष्टेनं म्हणालं, "आले का पाहुणे?" आणि मग ते नावच पडलं. दादा कधी तसं म्हणाला नाही. उलट त्यानं एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती — आभाळ भरून आलं, पानावर डाग दिसला, घडात मुंगी दिसली, काहीही झालं, की त्याचा फोन यायचा आणि नमस्कार-चमत्कार न करता एकच प्रश्न. "काय मारू?" कुठलं औषध मारू. दादाला माहीत नसायचं असं नाही, वीस वर्षं तो तेच करत होता. पण विचारायचा. हर्षलनं सांगायचं आणि दादानं "बरं" म्हणायचं. त्या एका प्रश्नावरून आपण त्या बागेचे आहोत हे हर्षलला रोज नव्यानं कळायचं. पोरीला शहरात शिकवणारा, गाडीतून उतरताना बूट बदलणारा, पाहुणा नव्हे — बागेचा माणूस.

पाऊस वाढला. घळीत दहा-पंधरा जण होते, बहुतेक गुजराती, एक मोठं कुटुंब आणि काही कॉलेजची पोरं. पहिल्या जोराच्या सरीला सगळे आडोशाला पळाले, आणि दुसऱ्या सरीला त्यांतलं एकेक जण बाहेर यायला लागलं. जीपवाला काळूभाई डोक्यावर पोतं घेऊन उभा होता. "साहब, किस्मतवाले हो," तो म्हणाला, "ये रंग सूखे में नहीं खुलता." आणि खरंच, समोरचा अख्खा कडा पेटल्यासारखा लाल झाला होता, त्याच्यावरून पाणी उतरत होतं, आणि जिथे जिथे पाणी उतरत होतं तिथे खडकाच्या आतला एकेक थर, कोट्यवधी वर्षांचा, काल रंगवल्यासारखा दिसत होता. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. कुणीतरी टाळ्यांवर फेर धरला. सायली त्यात शिरली. सायली! बँकेतून आली की पाय दुखतात म्हणून सोफ्यावर आडवी होणारी…

"पप्पा, तुम्ही पण! पप्पा, काहीतरी करा ना!" सृष्टीनं फोन त्याच्यावर धरला.

आणि त्यानं केलं. काय झालं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. त्यानं दोन्ही हात वर केले, तोंड आभाळाकडे केलं, पाणी डोळ्यांत गेलं, नाकात गेलं, तोंडात गेलं — ते गोड लागलं, मातीच्या चवीचं — आणि त्याचे पाय आपोआप नाचायला लागले, लेझमीत नाचायचे तसे, शाळेनंतर कधी न नाचलेले. "येऊ दे!" तो ओरडला. घळीनं आवाज परत दिला. मग तो आणखी मोठ्यानं ओरडला, "येऊ दे! येऊ दे अजून!" पोरांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी ते उचलले, आणि सगळी घळ येऊ दे, येऊ दे करत घुमू लागली. सृष्टी हसून हसून वाकली होती. तेवढा वेळ — तो किती होता कुणास ठाऊक — जगात बाग नव्हती, मांडवाच्या तारा नव्हत्या, घड नव्हते. पाऊस होता आणि मी होतो.

मग काळूभाईनं शिटी मारली. वरून पाणी येतंय, चला, चला. सगळे भिजलेले, धापा टाकत, एकमेकांना हात देत वर आले. जीप उभ्या राहतात तिथे प्लास्टिकचा कागद ताणून एक जण चहा विकत होता. काचेचा पेला दोन्ही हातांत धरून हर्षल उभा राहिला. फोन सृष्टीकडेच होता, आणि वर आल्याबरोबर त्याला रेंज मिळाली होती, कारण तो टुणटुण वाजायला लागला होता. वाजतच होता. हर्षलनं तो मागितला नाही. थंडी वाजतेय, चहा संपू दे, मग. त्यानं दुसरा चहा घेतला. तोही सावकाश प्यायला. कळत होतं ना तुला? कळत होतं. पाऊस एकट्या कच्छचा नसतो हे मला कळत होतं, नकाशे वाचतो मी… पश्चिमेकडून असं एक वातावरण आलं की ते गुजरात ओलांडून कुठे जातं हे गावातल्या सगळ्यांना मीच समजावून सांगतो.

फोन हातात आला तेव्हा बागायतदारांचा ग्रुप वाहत होता. पहिला व्हिडिओ कुणाच्या तरी बागेतला, मांडवाखाली पोटरीएवढं पाणी. दुसऱ्यात पत्र्यावर गारांचा आवाज, बाकी काही दिसत नव्हतं, फक्त एक बाई मागे "अरे देवा, अरे देवा" म्हणत होती. तिसऱ्यात तळहातावर फुलोऱ्यातला घड, तो माणूस घड बोटानं हलवतो आणि सगळी फुलं, सगळे बारीक मणी, मोहरीसारखे खाली पडतात… ती बाग त्यांच्याच शिवारातली होती. वाट ओळखू येत होती.

आणि मग त्याला दिसलं की त्याच्या स्टेटसला उत्तरं आलीत. त्यानं स्टेटस ठेवलंच नव्हतं. त्यानं उघडलं.

ओला, लाल, जाडा माणूस हात वर करून नाचत होता. येऊ दे! येऊ दे अजून! पाऊण तासापूर्वी, वर रेंज येताच, सृष्टीनं ते टाकलं होतं, खाली छत्रीचं आणि हसऱ्या तोंडाचं चित्र. शेजारच्या बागवाल्याचं उत्तर: "मजा आहे बुवा पाहुण्यांची." बघितलेल्यांची नावं त्यानं वर सरकवली — शेतीऔषधांचा दुकानवाला, पारावरचे दोघे, मामेभाऊ — आणि यादवदादा.

भर थंडीत, ओल्या कपड्यांत, त्याला घाम फुटल्यासारखं झालं. दादानं हे कुठे उभं राहून पाहिलं असेल? मांडवाखाली? हाताचं पाणी पँटला पुसून, अंगठ्यानं स्क्रीन पुसून… आवाज चालू ठेवून? येऊ दे अजून. बागेवर आभाळ फाटलेलं असताना भाऊ आभाळाकडे आणखी मागतोय. हात जोडून नव्हे, नाचून.

"कुणी सांगितलं होतं तुला हे टाकायला?"

सृष्टी दचकली. त्याचा आवाज इतका चढला होता की चहावाल्यानंही वर पाहिलं. "तुम्ही… तुम्ही इतके छान दिसत होतात, म्हणून," ती म्हणाली. "आईला पण आवडला."

त्यानं स्टेटस पुसलं. पुसल्यावर लक्षात आलं की हे आणखी वाईट झालं. आता दादाला कळणार की ह्याला कळलं. सायलीनं त्याच्या हातातून फोन घेतला, ग्रुपवरचे व्हिडिओ बघितले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही तिथे असता तर पाऊस थांबवला असता का?" अगदी बरोबर बोलली. तिच्या त्या बरोबर बोलण्याचा त्याला इतका राग आला की तो कागदाबाहेर पावसात जाऊन उभा राहिला. पाऊस थांबवला नसता. पण पाऊस थांबवायला कोण असतं तिथे? तिथे असायचं असतं. ओल्या मांडवाखाली शिरून तारा हलवायच्या असतात, म्हणजे घडांतलं पाणी झडतं. एकानं ह्या टोकाला धरायचं, एकानं त्या. एकट्या माणसाला तार नीट हलवता येत नाही.

त्यानं दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग घरी लावला.

"हा, कोण? हर्षल का?" आईचा आवाज. मागे पत्र्यावर पाऊस ऐकू येत होता.

"आई, कसं काय हाय गं तिकडं? दादा कुठंय?" फोनवर आईशी बोलायला लागलं की त्याची भाषा बदलते, हे सायली नेहमी चिडवून सांगायची.

"वातावरण लय खराब झालं बाबा," आई म्हणाली. अजूनही ती तो शब्द काढत नव्हती. "सकाळपासून दादा नि वहिनी बागंतच हायेत. तारा हालवत्यात. मी पण गेलते, मला हाकललं दादानं, पडशील म्हणला. गारा आपल्याकडं थोड्याच झाल्या. तुमी भिजू नका हां. पोरीला लगेच सर्दी होती."

"नाय भिजत," तो म्हणाला. त्याच्या बाहीतून पाणी टपकत होतं.

फोन ठेवल्यावर तो तसाच उभा राहिला. दादा आणि वहिनी, दोन टोकांना. म्हणजे माझ्या टोकाला वहिनी. वहिनीचा खांदा गेल्या वर्षीपासून वर होत नाही… हे आठवलं आणि त्यानं ते आठवणं घाईघाईनं ढकलून दिलं. मग डोकं कामाला लागलं. ट्रॅक्टर चिखलात जाणार नाही. म्हणजे फवारा नाहीच. ओल्या पानांवर आधी पावडरची धुरळणी, हातानं, आत्ताच, अंधार पडायच्या आत; उद्या उघडलं तर मग फवारा, त्यात हे, त्यासोबत ते, ते मात्र नको, फुलोऱ्यात जळतं. प्रमाणासकट सगळं त्याच्या डोक्यात तयार झालं. परीक्षेच्या आधी पोरं पाठ म्हणतात तसं त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं. आता दादाचा फोन येईल. तो विचारेल. मी सांगेन. सगळं सांगेन, एकही गोष्ट विसरणार नाही, आणि दादा "बरं" म्हणेल. शिव्या घातल्या तरी चालतील, नाच्या म्हणाला तरी चालेल… फक्त विचारू दे.

फोन वाजला.

"हां, बोल," दादा म्हणाला. दमलेला होता. श्वास ऐकू येत होता.

"दादा, फुलोरा कितपत—"

"आता काय सांगता येतंय. उद्या समजंल किती गळ होती ती."

"मी येतो. रात्री निघतो, उद्या दुपारपर्यंत—"

"येऊन काय करतो? चिखलात पाय ठेवू देत नाय बाग." मग जरा थांबून, "व्हिडिओ पाह्यला तुझा. जागा लय झकास हाय रे. कसले खडक हायेत!"

त्या आवाजात टोमणा शोधायचा हर्षलनं कसून प्रयत्न केला. टोमणा असता तर किती सोपं झालं असतं! पण दादा खरंच खडकांबद्दल बोलत होता. दादा नाशिकच्या पलीकडे फारसा गेलाच नव्हता.

"दादा, ते… सृष्टीनं टाकलं. मला इकडं रेंज नव्हती. मला माहीत असतं तर मी—"

"अरे, हां. चालायचंच."

आता. आता विचारेल. हर्षलनं फोन कानावर घट्ट दाबला. धुरळणी, मग फवारा, मग ते मात्र नको.

"दुकानवाल्याला विचारून घेतलं मी," दादा म्हणाला. "पावडर मारून टाकली मघाशीच. ठेवू का? कपडे बदलतो, लय गारठलोय. सृष्टीला म्हणाव, काकानं पाह्यला व्हिडिओ."

"बरं," हर्षल म्हणाला.

फोन बंद झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की 'बरं' आज तो म्हणाला होता. दुकानवाल्यानं सांगितलेलं बरोबरच होतं, त्यानंही तेच सांगितलं असतं, म्हणजे बागेचं काही बिघडलं नव्हतं, आणि हे मनात येऊनही त्याला बरं वाटेना. दादानं आधी मला फोन लावला होता का? खाली घळीत रेंज नव्हती तेव्हा? लावला असेल, लागला नसेल, म्हणून मग दुकानवाला… की व्हिडिओ आधी पाहिला, आणि मग लावलाच नाही? हे विचारता आलं असतं. एक वाक्य होतं. पण उत्तर काय येईल ह्याची त्याला भीती वाटली, आणि त्याहून जास्त ह्याची, की दादा खोटं बोलेल — लावला होता रे, लागला नाय — आणि ते खोटं आहे हे दोघांनाही कळेल.

पाऊस उतरत आला होता. पश्चिमेला ढगांखाली पिवळी पट्टी दिसायला लागली. सृष्टी जीपमध्ये पाठ करून बसली होती, केसांचं पाणी तिच्या मानेवरून ओघळत होतं. त्यानं जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण वळलीही नाही. "काकांनी पाहिला व्हिडिओ," तो म्हणाला. "त्यांना आवडला." हे तर खरं होतं. मग खोटं बोलल्यासारखं का वाटलं?

काळूभाई घळीच्या काठावर जाऊन आला. धावतच. त्याचे डोळे चमकत होते. पलीकडच्या कड्यावरून धबधबा सुटलाय, तो म्हणाला, त्याच्या लहानपणी एकदा त्यानं पाहिला होता, त्यानंतर आज. वरच्या अंगानं वाट आहे, धोका नाही, थोडाच वेळ राहील, मग पाणी ओसरून जाईल. "चलेंगे, साहब?"

कॉलेजची पोरं निघालीसुद्धा. सायलीनं हर्षलकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि ती समजूतदारपणे म्हणाली, "नहीं भैया, साहब की तबीयत ठीक नहीं है. होटल ही चलो." सृष्टीनं फक्त खिडकीतून त्या बाजूला पाहिलं आणि मान खाली घातली.

हॉटेलवर जायचं. बरोबर होतं. ओले कपडे काढायचे, ग्रुपवर बसायचं, चार जणांना फोन करायचे, जेवण नको म्हणायचं. घरची माणसं चिखलात असताना माणसानं निदान एवढं करायचं असतं, आणि सायलीनं त्याला त्यासाठी वाट करून दिली होती. त्यानं 'हो, चला' म्हणायला तोंड उघडलं. दूरवरून, कड्याच्या मागून, पाणी पडल्याचा जड, सलग आवाज येत होता. वहिनीचा खांदा. तळहातावरून मोहरीसारखे पडणारे मणी. कसले खडक हायेत रे… त्यानं ते सगळं एकेक करून डोळ्यांसमोर आणलं, नीट, काही न चुकवता, आणि त्याच्या लक्षात आलं की एवढं सगळं समोर असूनही, आत्ता, ह्या क्षणी, मला तो धबधबा बघायचाय.